बूट म्हणजे अर्धं लेकरू

आई, तुझी नात सध्या माझ्याकडे आली आहे. आठवा महिना चालू आहे, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून. दिवसभर पाय उशीवर ठेवून पडलेली असते आणि मोबाईलवर आलेल्या बाळांच्या गमती मला वाचून दाखवते. काल मी कणीक मळत होते तेव्हा म्हणाली, "आई, हे ऐक. जन्मलेलं बाळ रडतं, पण पहिले काही आठवडे त्याच्या डोळ्यांतून पाणीच येत नाही." मी म्हणाले, "माहिती आहे." "कुठं वाचलंस?" मी काही वाचलं नव्हतं. मग तिनं गुडघ्याच्या वाटीचं वाचलं, की ती जन्मतः हाडाची नसते, मऊ असते. तेही मी तुझ्याकडूनच ऐकलं होतं. फक्त तू म्हणायचीस, लेकराच्या गुडघ्यात लोणी असतं, उगं घाई करून उभं करू नका. रविवारी जावई आले होते. दोघांनी मिळून मूल वाढवायला एकूण किती खर्च येतो ते मोबाईलवर काढलं. शाळा कोणती, क्लास कोणता, असं विचारत विचारत शेवटी एक आकडा आला. जावई म्हणाले, "एवढ्यात करमाडला प्लॉट येतो." तुझी नात म्हणाली, "मग प्लॉटच घ्यायचा होता ना. तो रडत तरी नाही." दोघं पोट धरून हसली. मीही हसले आणि ताटं उचलून आत गेले, कारण मला तुझा हिशेब आठवला होता.

तू बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायचीस. सकाळी सहाला हर्सूलहून निघायचीस, सिडकोतली चार-पाच घरं करून दुपारी परत यायचीस. सुट्टीच्या दिवशी मीही तुझ्याबरोबर यायची आणि न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल धरून उभी राहायची. तू जमिनीवर पाय लांब करून बसायचीस, साडी गुडघ्यापर्यंत वर, आणि नडग्यांवर बाळ पालथं. तुझ्या हातांना कायम तेलाचा आणि वेखंडाचा वास. एका घरातली नवी आई घाबरून विचारते आहे, "मावशी, हा इतका ओरडतोय आणि डोळे कोरडे कसे? काही झालंय का?" आणि तू पाणी ओतता ओतता सांगते आहेस, "काय नाय झालं. पाणी यायला टाइम हाय अजून. पण पाणी नाय म्हणून खोटं समजू नको बाई, रडणं खरं हाय त्याचं."

सव्वा महिना झाला की एका बाळाचे पैसे मिळायचे, म्हणून आपल्या घरात सगळ्या गोष्टींची किंमत लेकरांत मोजली जायची. शाळेचे बूट म्हणजे अर्धं लेकरू. वर्षाची फी आणि पुस्तकं म्हणजे दोन. बारावीच्या क्लासला पाच लेकरं आणि एक जुळं लागलं. मी विचारलं होतं, "जुळ्याचे दुप्पट मिळतात का गं?" तू म्हणालीस, "कशाचे दुप्पट! दीडपट देत्यात. म्हणत्यात, पाणी तर एकदाच तापवलं." त्याच दिवशी मी विचारलं, "मग मी सगळी मिळून केवढ्याला पडले?" तू भाकरी उलटवत होतीस. म्हणालीस, "अजून जन्मायची हायत ती धरून सांगू, का झाली तेवढीच?" आणि मग, "तुझं लेकरू मात्र फुकट. त्याला लई चोळणार हाय मी."

माझं बाळंतपण तुझ्याकडे झालं नाही. तुझ्या एका खोलीला नळ नव्हता आणि सासरी बोअर होतं. तूच म्हणालीस, "ऱ्हा तिथंच, पाणी तरी हाय. मी येत जाईन रोज." दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईंना न्हाणाचं किती द्यायचं गं? बाहेरच्या बाईला देतो तेवढं तरी द्यायलाच हवं." त्या मनानं वाईट नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला मात्र दिसलं की सव्वा महिन्यानं त्याच घरात तू बाहेरच्या बाईसारखी नारळ, साडी आणि पाकीट घेऊन उभी आहेस. मी म्हणाले, "आईला नाही जमायचं, दुसरी बाई बघा." मग तुझ्या शेजारच्या दुकानात फोन करून तुला बोलावून घेतलं आणि सांगितलं की डॉक्टरांनी मालिश करू नका म्हणून सांगितलंय, तू येऊ नकोस. तू म्हणालीस, "डॉक्टर म्हणत्यात तर नको, माय." मी मनाशी म्हणत राहिले की मी तुझा अपमान टाळला. टाळला होता तो माझा.

पाचवीच्या पूजेला तू आलीस. स्वतःच्या साडीची शिवलेली कुंची आणि तेलाची बाटली घेऊन. खोलीत सतरंजीवर बसल्या बसल्या सवयीनं पाय लांब केलेस, आणि लगेच आठवून जवळ ओढून घेतलेस. मी बाळ तुझ्या मांडीवर दिलं. तू तिची टाळू हुंगलीस. आम्ही लावलेल्या बाईनं सकाळीच तिला तेल लावून, न्हाऊ घालून, वेखंडाची पूड लावली होती. तू परत एकदा हुंगलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. तिच्याकडेच बघत म्हणालीस, "डॉक्टरला सांग, टाळूवरचं तेल जरा कोमट करून घालत जा म्हणावं." सासूबाई हसल्या, त्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. तू चहा घेतलास, कुंची घालून पाहिलीस, ती जरा मोठी झाली होती. निघताना तुझे डोळे कोरडे होते.

त्यानंतर पाच महिन्यांनी तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. त्या पाच महिन्यांत तू तीनदा आलीस आणि तिन्ही वेळा आपण दुसरंच काहीतरी बोललो. आता सव्वीस वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, मी नोकरीतून निवृत्त व्हायला आले. माझ्याकडे आठ दिवसांनी पाणी येतं, तरी मी दोन ड्रम बाळासाठी वेगळे झाकून ठेवलेत. न्हाऊ घालायला बाई बघू का, असं तुझ्या नातीनं विचारलं तेव्हा मी नको म्हणाले. मग लक्षात आलं की मला येतच नाही. इतकी वर्षं दारात टॉवेल धरून उभी होते, पण तुझे हात मी कधी नीट बघितले नाहीत. आता दुपारी न्हाणीघरात पाय लांब करून बसते, पिठाची तीन किलोची पिशवी पंच्यात गुंडाळून नडग्यांवर ठेवते आणि आठवून बघते की तू मान कुठं धरायचीस. पिशवी घसरते. परवा तुझ्या नातीनं बघितलं आणि म्हणाली, "आई, आजीकडून शिकली नाहीस?" मी म्हणाले, वेळ मिळाला नाही.

हे कागद मी कुंचीबरोबर ठेवते आहे, दुसरीकडे कुठं ठेवणार. डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते, आई. तुला ते टाळू हुंगताच कळलं होतं, आणि तुला कळलंय हे मलाही त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी दारापर्यंत आले आणि रिक्षापुरते सुटे आहेत का, एवढंच विचारलं.