आप्पांचा फॉर्म

मालवण, सोमवार, ९ डिसेंबर २०२४, दुपारी अडीच. पाण्यात उतरायचे रबरी सूट वाळत घालून बसलो आहे.

तीर्थरूप आईस मल्हारचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. आप्पा सुखरूप पोचले ना? हे पत्र ते बाजारात गेले की पल्लवीकडून वाचून घे.

आप्पा समुद्राचा तळ बघायला आले होते, पण ते उतरलेच नाहीत. इथे बुडी मारायला येणाऱ्या गिऱ्हाइकांचे तब्येतीचे फॉर्म मीच भरतो. 'दम लागतो का?' यापुढे मी त्यांना न विचारता 'होय' लिहिलं. ते वाचून बुडी शिकवणाऱ्या आमच्या सरांनी त्यांना थांबवलं आणि रिकाम्या जागी मला जा म्हणाले. मी गेलो, आई. आप्पा बोटीत लोकांच्या चपला राखत बसले.

वर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिसलं रं?"

"काय न्हाई आप्पा, पाणी गढूळ हुतं."

मग सरांनी मोबाईलवर खालचा व्हिडिओ दाखवला. पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांतून जात होते. आप्पा हसले. "लय गढूळ हाय की गड्या!"

चढावर त्यांना दम लागतो, हे तुलाही माहीत आहे. लिहिलं ते खरंच होतं. पण आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं, आणि मी वरच त्यांच्याजवळ बसायला हवं होतं.

स्टँडवर जाईपर्यंत त्यांनी सगळं विचारून घेतलं. कानाला दडे बसतात का, श्वास तोंडानंच घ्यायचा का. फॉर्मचं मात्र एकदाही विचारलं नाही.

गावात ते तळाला जाऊन आलो म्हणाले, तर तू हो म्हण.

तुझा,
मल्हार