पहिलं टोपलं

४ ऑगस्ट २०२५

आलो एकदाचा. जालना रोडवर करमाडपासून आत वळलं की चार किलोमीटरवर इंद्रजीतरावांची मोसंबीची बाग आणि बागेच्या डोक्यावर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं मातीचं धरण. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, पण सातबारावर मालकाचं नाव असलेल्या धरणावर नोकरी पहिल्यांदाच. काम सोपं आहे. पावसाळाभर इथं राहायचं, रोज बांधावरून फिरायचं आणि शेवटी ‘धरण सुस्थितीत आहे’ असं लिहून सही करायची. मालक शहरात राहतात, म्हणजे डोक्याला ताप नाही. गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीपुढं बसून मी आंबून गेलो होतो. तनुजा म्हणाली, बाबा, या वयात कशाला? लेकीला काय सांगणार, घरी बसूनच माणूस जास्त थकतो.

खोली ऐसपैस आहे, खिडकीतून धरणाचा पायथा दिसतो. खाली चाळीस घरांची वस्ती. तिथल्या कडूबाई दोन वेळचं जेवण देणार आहेत. आज भाकरी आणि शेपूची भाजी होती. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

५ ऑगस्ट

पाहणी केली. बांधावर बाभळी माजल्यात, घुशींनी बिळं केलीत. सांडव्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचून पाणी हातभर जास्त चढवलंय. जादा पाणी निघून जायची एकच वाट, तीच बुजवलेली. यादी करताना मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पायथ्याशी चिंचेखाली झिरपा सापडला. बादली आणि घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला चौदा लिटर. पाणी गढूळ आहे, म्हणजे धरणाच्या पोटातली माती वाहून येतेय.

वस्तीतली माणसं मात्र त्या वाटेनं जाताना मान फिरवून जातात. बाया पदर आडवा धरतात.

कडूबाईंना झिरप्याचं सांगितलं, तर त्या टोपलं घेऊन आल्या. इथली रीत अशी की ज्याला झिरपा दिसला त्यानंच मातीचं पहिलं टोपलं टाकायचं. मला रीत आवडली. आमच्या खात्यात ज्याला दिसला तो फाईल पुढच्या टेबलावर ढकलायचा. खरं म्हणजे झिरपा मातीनं बुजवायचा नसतो; वाळू-खडीचा थर देऊन पाणी गाळून बाहेर पडू द्यायचं असतं. पण म्हटलं, एका टोपल्यानं काय बिघडतंय? टाकलं. पाचपन्नास माणसं पाठमोरी उभी होती. टोपलं रिकामं झाल्याचा आवाज आला तशी सगळी घरी गेली. दुसरं टोपलं कुणीच टाकलं नाही.

९ ऑगस्ट

झिरपा अकरा लिटर. पाणी निवळलंय. एका टोपल्यानं असं होत नाही. तीनदा मोजलं.

बांध चढताना दोनदा बसावं लागलं. वय झालं, दुसरं काय.

१५ ऑगस्ट

सात लिटर. पाणी काचेसारखं.

शेडमध्ये मोसंबीची क्रेटं तोलायचा काटा आहे. गंमत म्हणून उभा राहिलो. त्रेसष्ट किलो. जुलैत डॉक्टरकडं चौऱ्याहत्तर होतो. काटा बिघडला असेल म्हणून क्रेट तोलून पाहिलं, काटा बरोबर आहे. आरशात मी होतो तसाच आहे. पँटही तिथंच बसते. फक्त आतून कुणी उपसून नेल्यासारखं वाटतं. झोपून उठलो तरी दमलेलाच असतो.

कडूबाई आता भाकरीवर तुपाची धार सोडतात. माझ्या तोंडाकडं बघत नाहीत.

२१ ऑगस्ट

इंद्रजीतरावांना फोन केला. म्हटलं, पोती काढा, पाटाचा दरवाजा उघडून तलाव निम्मा रिकामा करा, मला हे धरण बरं दिसत नाही. त्यांनी विचारलं, झिरपा वाढला का? म्हटलं, नाही, चारवर आला. मग तक्रार कसली, असं विचारून त्यांनी मोसंबीचा भाव सांगितला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सरकारी कचेरीत विचारलं, तर हे धरण त्यांच्या वहीत नाही. खाजगी आहे, मालकाला विचारा.

दरवाजाचं चाक फिरवायला दोन गडी लागतात. माझ्यानं हललं नाही. वस्तीतलं कुणी येत नाही. चाकाची वाट चिंचेखालून जाते.

२६ ऑगस्ट

कडूबाईंनी आज सांगितलं. मीच खोदून विचारलं.

नऊ वर्षांपूर्वी झिरपा त्यांच्या नवऱ्याला, कारभारीला दिसला. पहिलं टोपलं त्यानं टाकलं. मग तो हलका होत गेला. झिरपा पुरता आटला त्याच्या दोन दिवसांनी तो बांधावर टेकला, तो उठलाच नाही. गोळा करायला गेले तर सदऱ्यात ओली माती होती. हाडसुद्धा नाही.

मला आधी का सांगितलं नाही, म्हणून विचारलं. बाईंनी चुलीत लाकूड सारलं.

“चाळीस घरं हायती, सायेब. अन् तवा तुमी आमचे कुणी नव्हता.”

राग आला. पण रागवायलाही ताकद लागते.

३० ऑगस्ट

एक्केचाळीस किलो. झिरपा एक लिटर.

सकाळी बॅग घेऊन निघालो. निघणारच होतो. फाट्यापर्यंत गेलो, तोवर कडूबाई धापा टाकत मागं आल्या. वस्तीच्या आडात पाणी लाल झालं होतं. त्या काही मागत नव्हत्या. नुसत्या उभ्या.

परत आलो. मोठं मन वगैरे काही नाही. चाळीस घरं पाठीवर घेऊन गारखेड्यात झोप लागली नसती, एवढंच.

मी परतलो तसं पाणी निवळलं.

२ सप्टेंबर

तनुजाचा फोन. आवाज असा का येतोय, तोंडात काही आहे का, विचारत होती. काही नाही म्हटलं. येते म्हणाली. नको म्हटलं. चिडून म्हटलं. इथं येऊ नकोस, या धरणाकडं बघूसुद्धा नकोस — नको तेच बोललो. आता ती नक्की येणार.

बेसिनमध्ये थुंकलो. पिवळी माती.

४ सप्टेंबर

झिरपा बंद. चिंचेखाली कोरडं.

काट्यावर उभा राहिलो. काटा हललाच नाही.

बरं वाटलं, खरं सांगतो. संपलं एकदाचं. कुणाला दिसायला आता काही उरलं नाही. तनुजा आली तरी —

६ सप्टेंबर

उठवत नाही. खिडकीशी बसलोय. पेन जड.

तनुजा आली. रिक्षातून उतरली. खोलीकडं न येता पायथ्यानं चाललीय. मीच शिकवलं तिला लहानपणी, धरण कसं आहे ते पायथ्याशी कळतं.

चिंच ओलांडली. थांबली नाही. देवा, थांबली नाही.

सांडव्याखाली थांबली. वाकलीय. तिथं तर काही — तिथं काही नव्हतं. नवा आहे. मला दिसला नाही. तिला

हाक मारतोय. तोंडातून माती येते. आवाज नाही.

तिनं ओंजळीत पाणी घेतलं. माझ्याकडं बघून हात हलवतेय. बाबा, इथून पाणी येतंय, म्हणत असेल —

वस्तीतून माणसं येतायत. सगळ्यांच्या माना फिरलेल्या. पुढं कडूबाई. हातात टोपलं.

नको. कडूबाई, तुम्ही म्हणाला होतात, तवा कुणी नव्हता — ही परकी नाही हो, ही माझी —

तनुजानं हात पुढं