आतांगचं खोडलेलं नाव

सान रोके, २ डिसेंबर १९९१

चि. पिलाँग हीस,
थोरल्या बहिणीचे, तुझ्या मनांगचे, अनेक आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे, गुडघे माझं ऐकत नाहीत एवढंच. तुझा दमा कसा आहे ते कळव. सुनेने काय केलं ते कळवू नकोस, मागच्या पत्रात चार पानं तेच होतं.

चर्चच्या पडवीत खोक्यांचं काम सुरू झालंय. शहरातल्या लोकांनी गोण्या भरून सामान दिलंय. साबण, कंगवे, रंगखडू, चपला, कापडी बाहुल्या. आम्ही सात म्हाताऱ्या बुटांची जुनी खोकी भरतो, वर रंगीत कागद लावतो, झाकणावर गरजू पोराचं नाव चिकटवतो. नाताळच्या आदल्या दिवशी वाटप. पाद्री म्हणतात आम्ही देवदूत आहोत. देवदूत कसले, डिंक कुणी सांडला यावरून सकाळपासून भांडण आहे. नावं सालूद वाचते. प्रत्येक नावावर थांबते आणि त्या घरात कुणाचं काय चुकलं ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

काल यादी आधी माझ्या हातात आली. चष्म्याशिवाय मला अक्षर लावत लावत वाचावं लागतं, पण आतांगचं नाव लागलं. क्रिस्पिनाची धाकटी, आठ वर्षांची. बाप्तिस्म्याला मीच तिची निनांग होऊन उभी राहिले होते, आईच्या पाठची आई म्हणून देवासमोर कबूल केलं होतं. आता निनांग इथे कागद चिकटवतेय आणि पोर धर्माच्या यादीत, म्हणजे सालूदला वर्षभराचं चघळायला. मी पेन्सिल घेतली आणि नाव खोडलं. ते लोक मामाच्या गावी गेले असं सांगितलं. पोरीला मी स्वतः फ्रॉक शिवणार आहे. कापड बघून ठेवलंय, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

तुझी,
इसिंग
(लोभ आहे तेवढा पुरव, जास्तीचा माझ्याकडे ठेवायला जागा नाही.)


बाकोलोद, ११ डिसेंबर १९९१

ती. मनांग इसिंगच्या सेवेशी,
सा. न. वि. वि. दमा थंडीत येतो, सून बाराही महिने. बस, एवढंच लिहिते.

कापड बघून ठेवलंय म्हणतेस. माझ्या लग्नाला तू चादर बघून ठेवली होतीस. मला चार मुलं झाली, दोघांची लग्नं झाली, ती चादर अजून दुकानातच आहे.

मनांग, तुझी धर्माची लेकरं अकरा. नाताळला पोरं भेट घ्यायला येतात तेव्हा निनांग घरात सापडत नाही ही गंमत सगळीकडेच चालते. मीसुद्धा एकदा दुपारभर न्हाणीघरात बसलेय. पण त्या पोरांचं आपण काही काढून घेतलेलं नसतं. आतांगचं खोकं तू काढून घेतलंस. नाव परत लिही. सालूद बोलेल, तिला बोलू दे, ती झोपेतही बोलते.

रागावलीस तरी मायेला खंड पडू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
पिलाँग


सान रोके, २७ डिसेंबर १९९१

चि. पिलाँग हीस,
आशीर्वाद. वि. वि. नाव परत लिहिलं नाही. रोज लिहीन म्हणत होते, आणि रोज सालूद माझ्या शेजारीच बसायची.

कापड आणलं होतं. चादरीसारखं केलं नाही. पण माझ्या नातीला, लुसिंगला, चर्चच्या नाटकात देवदूत केलं आणि पांढरं कापड घरात तेवढंच होतं. देवदूत झाला, फ्रॉक राहिला.

वाटपाला आतांग रांगेत आली नाही. मला हलकं वाटलं. म्हटलं, तिला काही ठाऊकच नाही. मग नाताळच्या सकाळी खिडकीतून बघते तर ही येतेय. केसांना तेल, इस्त्रीचे कपडे, नव्या केळीच्या पानासारखी. मी मागच्या दाराने डुकरांच्या खोपटामागे जाऊन बसले. लुसिंगने सांगितलं की आजी बाहेर गेलीय. जेवणानंतर पुन्हा आली, पायरीवर बसून राहिली. मी तिकडे शेंगा सोलत होते. डुकरीण माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. दिवस कलताना तिसऱ्यांदा आली. लुसिंग सांगते, तिने काही मागितलं नाही. आशीर्वादाला आजीचा हात कपाळाला लावून जाते म्हणाली, तेवढ्यासाठी आले होते म्हणाली.

दोन दिवस जेवण जात नाही. भात जरा कच्चा राहतोय, त्याने असेल.

मला काय म्हणायचंय ते तुला कळलं असेल, नाही कळलं तरी जवळ कर.

इसिंग


बाकोलोद, ३१ डिसेंबर १९९१

ती. मनांगच्या सेवेशी,
सा. न. वि. वि. बोटीवर ओळखीचा माणूस निघालाय, म्हणून घाईत. डुकरिणीपर्यंत वाचून हसले, पुढे हसू आलं नाही. भात नीट शिजतोय, मनांग. भाताला बोल लावू नकोस.

तीन राजांच्या सणापर्यंत नाताळची भेट उशिराची धरत नाहीत. म्हणजे तुझ्या हातात सहा तारखेपर्यंत वेळ आहे. जा. पण उजेडी जा, बाजाराच्या वाटेने, सालूदच्या दारावरून. मागच्या वाटेने गेलीस तर ते पुन्हा खोपटामागे बसल्यासारखंच होईल.

खरडपट्टी काढते ती मायेपोटी, तीच माया तुझ्याकडूनही मागते.

पिलाँग


सान रोके, ७ जानेवारी १९९२

चि. पिलाँग हीस,
आशीर्वाद. वि. वि. काल गेले. माझा सणाचा निळा घागरा उसवून फ्रॉक केला. शिवण वाकडी आहे, पण टिकेल. खोक्यात तो, रंगखडू आणि सुमान, केळीच्या पानात वाफवलेला गोड चिकट भात.

सालूद दारातच होती. उशिराचं खोकं कुणाचं म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, आतांगचं. ते लोक कुठेही गेले नव्हते, नाव मी खोडलं, तुझ्या तोंडाला भिऊन खोडलं. सालूदला जन्मात पहिल्यांदा बोलायला सुचलं नाही. मी वळणावर पोचेपर्यंतच टिकलं ते.

क्रिस्पिना मासळी वाळत घालत होती. तिने पाट दिला. मी बसले नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. ती म्हणाली, खोडलेलं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आतांग रंगीत कागदाचे तुकडे वेचायला पडवीच्या खिडकीशी आली होती, तिने मला पेन्सिल फिरवताना बघितलं. धावत घरी जाऊन तिने सांगितलं की निनांगने नाव काढलं, म्हणजे निनांग स्वतः देणार. वाटपाच्या दिवशी आई म्हणत होती, जा, उभी तरी राहा रांगेत, एखादं उरतं. तर ही म्हणाली, निनांगला काय वाटेल.

पिलाँग, मग मी त्या पाटावर बसले.

पोरीला मी जवळ बोलावून सांगितलं की नाताळला मी घरीच होते, लपले होते. ती म्हणाली, माहीत आहे, खोपटाखालून पाय दिसत होते. मग तिसऱ्यांदा का आलीस विचारलं, तर म्हणाली, वाटलं तोवर तुमचं काम आटपलं असेल.

फ्रॉक तिने अंगाला लावून बघितला, माझा हात कपाळाला लावला, सगळं रीतसर केलं. मग खोकं काखेत धरून तिने विचारलं की पुढच्या वर्षी तिचं नाव यादीत राहू दिलं तर चालेल का, कारण यादीतलं खोकं नक्की येतं. रागाने नाही विचारलं. उद्या बोट आहे का, असं विचारावं तसं विचारलं. क्रिस्पिनाने तिला चिमटा काढला. मी म्हटलं, काढू नकोस, बरोबर बोलतेय ती. आणि राहू दे म्हणून सांगितलं.

तुझा लोभ कमी झाला असेल, तर उरलाय तेवढा राहू दे.

इसिंग