साहेबांच्या आजारपणाची सीताफळं

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फळांची टोपली दिसली की माझा हात आधी तळाशी जातो. मंडईत तुमच्या गाड्यावर मी एकदा मऊ पडलेली सीताफळं खाली दडपून वर चांगली, डोळे उघडलेली रचली होती. तुम्ही गिऱ्हाइकासमोरच सगळी टोपली पोत्यावर ओतलीत. "खालचं झाकून वरचं इकतोस कशापायी रं? त्येच्या घरी लेकरं खानार हायती." चारचौघांत लाज गेली म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो.

आता मी खासदारसाहेबांच्या कचेरीत पत्रं टाइप करतो आणि कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. तुमच्या लेकीचा, अक्काचा थोरला मुलगा परदेशात गॅरेजमध्ये कामाला आहे, आणि तिथं युद्ध पेटलंय. सरकारनं युद्धबंदीसाठी जोर लावावा, अडकलेल्या कामगारांना परत आणावं, असा ठराव संसदेत मताला येणार होता. साहेब अक्काला तोंडावर म्हणाले, "ताई, माझं मत तुमच्या लेकराला." त्याच संध्याकाळी दिल्लीहून फोन आला आणि साहेबांच्या खोलीचं दार लागलं. मला तेव्हाच वास आला. मित्रपक्ष ठरावाच्या विरोधात, इथले मतदार बाजूनं. कुणालाच दुखवायचं नव्हतं. दार उघडून साहेब म्हणाले, "लिही, छातीत दुखतंय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय."

मतदानाच्या दिवशी साहेब पाली गावाजवळच्या आपल्या बंगल्यावर भाकरी-ठेचा खात टीव्ही बघत होते. ठराव थोडक्यात पडला. त्या दिवशी आणखी किती खासदारांच्या छातीत दुखलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अक्का टोपली घेऊन माझ्या दारात. "साहेबाला दे. आदी त्ये बरे व्हायला पायजेत, मंग पुन्यांदा मत देतील की." बंगल्याच्या फाटकात मी टोपलीत तळापर्यंत हात घातला. एकही फळ खराब नव्हतं. साहेबांनी एक फोडलं, बिया ताटलीत टाकत म्हणाले, "लई गोड हाय."

भाच्याचा फोन चार दिवसांतून एकदा लागतो. अक्का मात्र रोज विचारते, "साहेब बरे हायती का?" मी हो म्हणतो. ती आजारपणाची चिठ्ठी मीच टाइप केली, हे तिला सांगायची माझी हिंमत नाही. तुम्हाला सांगणं सोपं आहे, अप्पा. तुम्ही आता टोपली ओतायला येणार नाही.