गादीवर कलंडले

प्रिय भिंगरी,

आज माझ्या दारात सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल सांग? तुझी ती लांबडी! हात गळ्यात अडकवलेला, आणि मागोमाग तिची आई, ती बस चालवणारी. दार उघडलं आणि दोघींना बघितलं. म्हटलं, आता ही बाई दारात उभी राहून माझ्या नातीचा उद्धार करणार. मीही मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. तेवढ्यात जिन्यावरून तुझ्या ज्युदोच्या बाकीच्या पोरी खिदळत वर आल्या, आणि दारात चपलांचा हा एवढा ढीग.

बाईनं आल्या आल्या विचारलं, ताई, म्हणजे तू गं, कुठायत? मी सांगितलं, हॉलला कुलूप लावून मावशीकडे गेलीय, माझासुद्धा फोन घेत नाही. तर म्हणते कशी, लपून बसल्यात म्हणा की! इंजिनाच्या आवाजाच्या वर बोलायची सवय तिला, खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं बघ. मग खुर्चीत टेकली आणि जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, पदरचा मीठमसाला काही नाही. म्हणाली, काकू, मला राग आला होता, अजूनही आहे. ताई फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि ह्या शहाण्यांनी न शिकवलेला डाव करून बघितला. मी दोन मिनिटं जरी खाली उतरले तरी आधी गाडी बंद करते. ताईंनी जाताना पोरींना खाली बसवायला नको होतं? पण डॉक्टर म्हणाले, खांद्याचं हाड जुळेल, डोकं वाचलं हे मोठं. आणि वाचलं का, तर पडताना हिनं हनुवटी छातीशी घेतली म्हणून. ते काय मी शिकवलं होतं हिला?

ऐकलंस ना? तू नुसतं मोडलेलं हाडच धरून बसलीयस गं.

मी बोलून गेले की हे पडायचं शिक्षण काय असतं ते मला कधी कळलंच नाही. झालं! पोरींनी माझ्या पलंगावरची गादी ओढून खाली टाकली, कपाट सरकवलं, टेबलाच्या कोपऱ्याला उशी बांधली. लांबडी एका हातानं हुकूम सोडत होती, हुबेहूब तुझ्यासारखी. आधी विचारलं, आजी, दुखतं कुठे? म्हटलं, डावा गुडघा, आणि सुनेचा विषय निघाला की कपाळ. (तुझ्या आईला सांगू नकोस.) मग म्हणाली, तर मग उभ्यानं नाही, बसूनच. हनुवटी छातीशी, जसं काही तिथं लिंबू धरलंय. हात मागे टेकवायचा नाही, तळव्यांनी गादीवर फटकन मारायचं. आणि नको वाटलं तर दोनदा थोपटा, लगेच थांबू, का म्हणून कुणी विचारणार नाही. मी उगाचच दोनदा थोपटून बघितलं. सगळ्या जागच्या जागी थांबल्या! अगं, जन्मात माझ्या इशाऱ्यावर एवढी माणसं कधी थांबली नव्हती.

मग कलंडले. किती वेळ लागला कोण जाणे. कुणी मला हळूच खाली ठेवतंय असं वाटलं, आणि मी फटकन तळवे मारले तेव्हाच कळलं की पोचले. छतावर पडद्यातून आलेलं ऊन पाण्यासारखं हलत होतं, वर गोल वाकलेले पोरींचे चेहरे, आणि मला तू दिसलीस, एवढीशी, चालायला शिकणारी. पडलीस की आधी माझं तोंड बघायचीस. मी घाबरले की रडायचीस, मी हसले की हसायचीस. मी तशीच पडून राहिले बाई, उठावंसंच वाटेना. पोरी घाबरल्या, आजी, लागलं का? म्हटलं, गप्प बसा गं, मजा येतेय.

निघताना बाईनं मुद्द्याचं काढलं. ताईंना बोलवा, म्हणाली, पण माझी एक अट आहे. ताई हॉलबाहेर गेल्या की मॅटवर कुणी उभं राहायचं नाही, सगळ्यांनी भिंतीला टेकून बसायचं. हे कबूल असेल तर लेक माझी परत येणार, हात बरा होईस्तोवर नव्या पोरींना पडायला शिकवणार. आणि मी, तुला न विचारता, तुझ्या वतीनं हो म्हणून मोकळी झाले! म्हणून तर हे लिहायला बसले, फोन तू उचलत नाहीस. किल्ली तुझ्यापाशी आहे. मी शब्द दिलाय, आता तो राखणं तुझ्या हातात. येत्या रविवारी सकाळी सगळ्या जणी हॉलच्या दाराशी येतो म्हणाल्यात.

अंग दुखतंय तरी खुशीत असलेली,
तुझीच
आजी