इलोइलोच्या त्या स्वयंपाकघरात

मॅडम,

आज ऑफिसातून घरी येताना अचानक तुमची आठवण आली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवण रोज येते आणि मी ती रोज टाळतो.

दुबई मरीना अजून नुसती वाळू होती तेव्हाचे आपण. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत तुम्ही परचेस मॅनेजर, मी पुण्याहून नुकताच आलेला सेफ्टी ऑफिसर. वसईच्या घरची सुक्या बोंबलाची चटणी तुम्ही मला आग्रहाने वाढायचात आणि माझे रिपोर्ट लाल पेनाने तपासायचात. "आधी खरं लिही, इंग्लिश मग सुधारू," म्हणायचात. त्या उन्हाळ्यात यार्डातला एक फिलिपिनो वेल्डर टाकीवरून पडून गेला. अंगावर सेफ्टी बेल्ट नव्हता. पुढे तुमचं-माझं मनिलाला सप्लायरकडे काम निघालं, तेव्हा साहेब म्हणाले, शनिवार-रविवार मोकळाच आहे, तिथूनच त्याच्या गावी, इलोइलोला जाऊन त्याच्या आईची सही घेऊन या, म्हणजे विषय खलास. कागदावर लिहिलं होतं की बेल्ट दिला होता, त्यानेच वापरला नाही. दुभाष्या म्हणून आपला फोरमन बरोबर दिला, तो त्याच शहरातला.

विमानतळावरून जीपनीत, तिथल्या लांबड्या जीपगाडीत, आपण तिघं गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो. घरी त्या आईने आपल्याला स्वयंपाकघरात बसवून आधी भात आणि तळलेले मासे वाढले. मागच्या दारी बांबूच्या जाळीवर मासळी वाळत होती. आमच्याकडचाच वास, असं तुम्ही पुटपुटलात. मग मी बॅगेतून कागद काढला. ती तो हातात धरून बसते, वाचत नाही. फोरमनला हळूच काहीतरी विचारते. तो सरळ माझ्याकडे बघून सांगतो, ती विचारतेय, माझा मुलगा निष्काळजी होता का? प्रश्न मलाच होता. मी ताटातल्या माशाचे काटे काढत राहिलो. तुम्ही पुढे वाकून तिच्या हातातला कागद घेतलात, घडी करून पर्समध्ये टाकलात.

"त्याची चूक नव्हती," तुम्ही फोरमनला म्हणालात. "स्टोअरमध्ये बेल्टच नव्हते. याने बेल्टची मागणी दिली होती. ती माझ्याकडून राहिली. तिला असंच सांग."

त्याने सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, आपल्या अंगावर येईल. उठून तिने भिंतीवरचा मुलाचा फोटो पदराने पुसावा तसा ब्लाउजच्या टोकाने पुसला आणि आपल्याला जायला सांगितलं.

परतीच्या विमानात तुम्ही खिडकीकडे तोंड करून विचारलंत, मागणी तू मला नक्की केव्हा दिली होतीस? मी म्हणालो, मे महिन्यात. "मला काही केल्या आठवत नाही," तुम्ही म्हणालात. "पण तू म्हणतोस तर दिली असशील." शारजाला आल्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने तसाच रिपोर्ट लिहिलात. महिन्याच्या आत तुमचा व्हिसा कॅन्सल झाला आणि तुम्ही वसईला गेलात. मला बढती मिळाली. तीन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी सुट्टीवर पुण्यातच होतो. तरी मातीला आलो नाही.

मॅडम, ती मागणी मी तुम्हाला दिलीच नव्हती. सही करायची राहून गेलेली, माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी ती फाडली आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकलं की कागद तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुमचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच मला पुरलं.

तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. आईच्या हातून एक माणूस गेला, असंच ती आजही समजते. तिला हे पाठवायला हवं, हे मला कळतं. तरी पाकिटावर पत्ता घालायला माझा हात होत नाही.