सोमवारचे पाणी

दि. १४ नोव्हेंबर

चिरंजीव धाकटोबा, चित्रपटविद्यावाचस्पती, यांस —

इकडील सर्व क्षेम. आई गेले नऊ दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढे वगळून.

तुझ्या नदीविषयक चित्रपटावर अभिप्राय मागितलास. मी पडलो रंगाच्या कारखान्यातला रसायनज्ञ, म्हणजे तुझ्या कथेतील राक्षसकुलोत्पन्न. तरीही आईला घेऊन गेलो आणि संपूर्ण पाहिला.

प्रथम बगळा. तो सात मिनिटे एका पायावर उभा आहे. बगळ्याला उद्योग नसेल, प्रेक्षकांना असतो. मग तुझा धीरगंभीर स्वर: निसर्ग आपल्याला शिकवतो म्हणे. तुला शिकवण्याचा प्रयत्न घरातल्या सर्वांनी करून पाहिला आहे. निसर्गास यश चिंतितो. संदेशपर चित्रपटांचे मला वावडे नाही. पण संदेश पाण्यातल्या क्षारासारखा विरघळलेला असावा. तुझा दाताखाली येतो.

मग पडद्यावर बाबा आले. निधनाच्या आदल्या वर्षीचे, नदीतून पोहून बाहेर येणारे, पाठभर चट्टे. सभागृहात हुंदके उमटले. बापाच्या पाठीवर टाळ्या मिळवणे मला साधले नसते.

आणि तो शेवट! प्रवाह निर्मळ, तळाचे गोटे मोजून घ्यावेत असे. तू सांगतोस, जनजागृतीने नदी पुन्हा हसू लागली. मला राहवेना. आईच्या कानाशी लागून म्हणालो, "कसली जागृती? हा सोमवार आहे. रविवारी कारखाना बंद, म्हणून सोमवारी सकाळी पाणी असं दिसतं. दुपारी येऊन बघ म्हणावं."

आईची नजर पडद्यावरच होती. "आणि तू तपासायचं पाणी कधी भरतोस?"

मी चष्मा पुसू लागलो. तिला तेवढे उत्तर पुरले.

एकवीस वर्षे मी सोमवारी सकाळी सात वाजता बाटली भरतो. अहवालातला एकही आकडा असत्य नाही, याचा मला रीतसर अभिमान होता. त्याच आकड्यांच्या भरवशावर बाबांना सांगत आलो, "खुशाल पोहा." ते पोहले. चट्टे उठले तेव्हा मी त्यांना साबण बदलायला सांगितले.

हे तुला आजवर लिहिले नाही. तू त्याचा चित्रपट केला असतास.

तेव्हा अभिप्राय असा: चित्रपट कंटाळवाणा, निवेदन आत्मसंतुष्ट, शेवट धादांत खोटा. तो कापून टाक. येत्या बुधवारी दुपारी कॅमेरा घेऊन कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाशी ये. मी तिथे बाटली भरीन आणि आजवर कोणत्या वारी भरली, ते सांगेन. नोकरी जाईल, जावो. माझ्या बोलण्याखाली संगीत घातलेस तर तुझी-माझी ओळख संपली.

आईला तू आण. माझ्याबरोबर ती यायची नाही.

थोरल्याने धाकट्यास आशीर्वाद देऊन पत्र पुरे करावे, अशी रीत आहे. आई बोलेपर्यंत तो अधिकार मी वापरत नाही.

दादा